कोरी प्लेट सांभाळ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

‘मायक्रो (सूक्ष्मजीवशास्त्र) घेतलंय खरं, पण पुढे काय?’ असं तू फोनवर विचारलंस. आत्यानं तर पॅथॉलॉजी लॅब काढायचा सल्ला देऊनही टाकला. फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून लिहिते. सुरुवात मात्र प्रॅक्टिकलपासून करते, कारण पुढे पगार मिळतो तो याच हातकामाचा.

ऑटोक्लेव्हचे, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या भांड्याचे, आकडे सगळ्यांना पाठ असतात: १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. घोळ होतो तो हवेमुळे. आतली हवा पूर्ण बाहेर गेली नसेल तर काटा १५ पौंड दाखवतो, पण तापमान १२१ ला पोचलेलं नसतं. झडपेतून वाफ सलग धारेत यायला लागली की मगच झडप बंद कर आणि दाब १५ वर पोचल्यापासून वेळ मोज. नंतर घाईनं वाफ सोडू नकोस, फ्लास्कमधला मीडिया (जंतू वाढवायचं अन्न) उकळून कापसाच्या बोळ्यापर्यंत येतो.

न्यूट्रिअंट अगर या मीडियाची तयार पावडर लिटरला २८ ग्रॅम लागते. मीडिया प्लेटमध्ये, म्हणजे झाकणाच्या चपट्या बशीत, ४५ ते ५० अंशांना ओतायचा, म्हणजे फ्लास्क हाताला जेमतेम सोसवतो तेव्हा. गरम ओतलास तर झाकणाला पाणी धरतं, ते थेंब खाली पडतात आणि सुट्या कॉलनी (जंतूंचे ठिपके) एकमेकींत मिसळतात. फार थांबलीस तर गुठळ्या होतात. एका प्लेटला १५ ते २० मिली पुरे. इनक्युबेटरमध्ये प्लेट नेहमी उलटी ठेवायची.

आणि प्रत्येक बॅचमधली एक प्लेट कोरी ठेव. काहीही न लावता, बाकीच्यांबरोबर इनक्युबेटरमध्ये. ‘एक प्लेट वाया’ म्हणून पोरं ती टाळतात. त्या कोऱ्या प्लेटवर काही उगवलं, म्हणजे जंतू बाहेरून शिरले, तर उरलेल्या वीस प्लेटांवरच्या आकड्यांना काडीची किंमत नाही.

ग्रॅम स्टेन म्हणजे जंतू रंगवून ओळखणं: ग्रॅम पॉझिटिव्ह जांभळे, ग्रॅम निगेटिव्ह लाल. त्यात क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, मग ९५ टक्के अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन. सगळी गोम अल्कोहोलमध्ये आहे. जांभळं पाणी निथळायचं थांबलं की त्याच क्षणी स्लाइड नळाखाली धर. साधारण १० ते १५ सेकंद लागतात, पण घड्याळापेक्षा थेंबाकडे बघ. जास्त वेळ झाला तर जांभळा दिसायला हवा तो स्टॅफ लाल दिसतो, स्मिअर (स्लाइडवरचा थर) जाड असेल तर लाल दिसायला हवा तो ई. कोलाय जांभळा. कल्चर (वाढवलेले जंतू) १८ ते २४ तासांचंच घे. बॅसिलसही जांभळाच हवा, पण तीन दिवसांच्या बॅसिलसची भिंत कमकुवत होते, रंग धरत नाही, आणि तू जर्नलमध्ये बिनदिक्कत ‘ग्रॅम निगेटिव्ह’ लिहितेस. म्हणून त्याच स्लाइडच्या एका कडेला स्टॅफ, दुसऱ्या कडेला ई. कोलाय आणि मधे अनोळखी नमुना लाव. कडेचे दोन चुकले, तर मधल्यावर विश्वास ठेवायचा नाही.

जंतूंच्या मोजणीत नमुना पायरीपायरीनं पातळ करताना दर पायरीला नवी पिपेट घ्यायची आणि ३० ते ३०० कॉलनी असलेलीच प्लेट धरायची. लाखात एक या डायल्युशनमधून ०.१ मिली पसरलंस आणि ४२ कॉलनी आल्या, तर मूळ नमुन्यात मिलीला ४.२ कोटी. ०.१ मिलीसाठीचे दहानं गुणायला हमखास विसरतात आणि ४२ लाख लिहून मोकळे होतात.

आता नोकऱ्या. पुष्कळ जागा औषध कंपन्यांच्या क्यूसी मायक्रोमध्ये, म्हणजे मालात जंतू नाहीत ना हे तपासणाऱ्या विभागात, निघतात. तिथे तीच कोरी प्लेट मोठी होऊन समोर येते. इंजेक्शनची स्टेरिलिटी टेस्ट १४ दिवस चालते, थायोग्लायकोलेट मीडिया ३० ते ३५ अंशांना, सोयाबीन केसिन मीडिया २० ते २५ ला, आणि रोज नळ्यांत बघून ‘वाढ नाही’ असं लिहायचं. क्लीनरूममध्ये ९० मिमीच्या प्लेटा जास्तीत जास्त ४ तास उघड्या ठेवून हवा तपासायची. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू! पण न पाहिलेली प्लेट पाहिली म्हणून लिहिण्याचा मोह याच कंटाळ्यातून होतो, आणि पकडलं गेलं की नोकरी जाते. चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही आणि मागची तारीख तर नाहीच. दोन वर्षं प्लेटाच मोजत राहिलीस तर तिथेच अडकशील. एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष) तपासणं, अँटिबायोटिकची ताकद मोजणं (अ‍ॅसे), जंतूंची ओळख ही कामं मागून घे.

आत्याच्या लॅबचं म्हणशील तर रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरची हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं होतं. बीएस्सीनंतर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून तंत्रज्ञ म्हणून काम करता येतं. काम जबाबदारीचं आहे. अँटिबायोटिकची संवेदनशीलता बघायला म्युलर-हिंटन अगर या मीडियाचा थर ४ मिमी जाडीचाच हवा. जाड झाला तर औषध खाली खाली झिरपतं, औषधाभोवतीचा जंतू न वाढलेला झोन लहान येतो, चालणारं औषध ‘रेझिस्टंट’ दिसतं आणि पेशंटला विनाकारण भारी इंजेक्शन लागतं.

सरकारी नोकरीत अन्न सुरक्षा अधिकारी होण्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी चालते, परीक्षा एमपीएससीची. फूड अ‍ॅनालिस्टला एमएस्सी, अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि वर वेगळी परीक्षा. औषध निरीक्षकाच्या जाहिरातीत मायक्रोबायोलॉजी हा शब्द दिसला तरी हुरळू नकोस. तिथे पदवी फार्मसीची लागते, किंवा त्या विषयात विशेष शिक्षण घेतलेल्या डॉक्टरची.

साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांकडे मुली फारशा वळत नाहीत. का, ते मला कळत नाही. मळीतलं यीस्ट ३० ते ३३ अंशांना खूश असतं. तापमान वर गेलं किंवा बॅक्टेरिया घुसले की आम्ल वाढतं आणि अल्कोहोल घटतं. हे लगेच ओळखणारा माणूस तिथे हवा असतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचं शिक्षण मिळतं.

संशोधनाकडे ओढा असेल तर पुण्यात एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), आघारकर संशोधन संस्था, एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेमधला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह, सगळं हाकेच्या अंतरावर आहे. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा नमुने आघारकरमध्येही तपासले गेले आणि खाऱ्या पाण्यातले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले. या वाटेला सहसा नेट ही परीक्षा लागते, पण तिथे मायक्रो हा स्वतंत्र विषय नाही, पेपर लाइफ सायन्सेसचा असतो, वनस्पती आणि परिसंस्थेसकट. गेट या दुसऱ्या परीक्षेच्या एक्सएल (लाइफ सायन्सेस) पेपरमध्ये मायक्रो निवडता येतं, पण रसायनशास्त्र सक्तीचं. तेव्हा केमिस्ट्रीची वही आत्ताच माळ्यावर टाकू नकोस.

दिवाळीला येताना जर्नल घेऊन ये, ग्रॅमच्या आकृत्या बघायच्या आहेत. अ‍ॅप्रन घालून मेसमध्ये जाऊ नकोस, आणि तो बाकीच्या कपड्यांत धुवायला टाकू नकोस.

तुझी,
आई