मधुमेही सभासदांसाठी: वार्षिक दृष्टिपटल तपासणीबाबत सूचना

सर्व सभासदांस सविनय कळविण्यात येते की, ज्यांना मधुमेह आहे त्यांनी नजर उत्तम असली तरीही डोळ्यांच्या दृष्टिपटलाची (डोळ्याच्या आतील मागच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची) तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. वाढलेल्या साखरेमुळे दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात किंवा बंद पडतात. मात्र सुरुवातीला ना दुखते, ना अंधुक दिसते, आणि त्रास जाणवेपर्यंत बरेच नुकसान झालेले असू शकते. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान होताच करावयाची असते, कारण आजार त्याआधी कित्येक वर्षे नकळत असू शकतो. गर्भवती मधुमेही भगिनींनी पहिल्या तिमाहीतच या तपासणीबाबत डॉक्टरांना विचारावे.

चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे दृष्टिपटलाची तपासणी नव्हे. हा गैरसमज आपल्या मासिक सभेतही वारंवार ऐकू येतो. साखर तपासायला जवळच्या आरोग्य केंद्रात जाल तेव्हा फंडस कॅमेऱ्याने डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाचा फोटो काढण्याची सोय आहे का, हे तिथेच विचारावे. नसल्यास जिल्हा रुग्णालयाच्या किंवा अन्य नेत्रविभागासाठी चिठ्ठी मागावी. फोटोत दोष आढळल्यास नेत्रतज्ज्ञांकडे जाणे टाळू नये, कारण लेसर व इंजेक्शनचे उपचार वेळेवर झाले तरच नजर टिकविण्यास उपयोगी पडतात.

तपासणीसाठी डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यास काही तास अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही. त्यामुळे स्वतः स्कूटर चालवत जाऊ नये (गर्दीच्या चौकात तर मुळीच नाही), सोबत कोणास तरी न्यावे आणि गॉगल, साखरेचे व रक्तदाबाचे अहवाल, तसेच चालू औषधांची यादी जवळ ठेवावी.

– कार्यवाह