वायरिंगवाल्या काकांना, पाच दिव्यांबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "आधी चहा सांग" म्हणून विषय मिटवता. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. लालबाग-परळच्या बाकीच्या गॅरेजवाल्यांच्याही कामाचं आहे.

वरळी सी-फेसला उघड्यावर उभी असणारी ती पांढरी हॅचबॅक. डॅशबोर्डवर पाच दिवे एकदम: चेक इंजिन, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारं), ट्रॅक्शन (चाक जागच्या जागी घसरू न देणारं), स्टिअरिंग आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे न जाऊ देणारं). दुसऱ्या गॅरेजात एबीएसचं मॉड्यूल (त्याचा कंट्रोल बॉक्स) बदलायचं एस्टिमेट काढून झालेलं. सेल्फ एका झटक्यात घेत होता, त्यामुळे बॅटरी आणि अर्थिंगवर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणाऱ्या जोडणीवर) कुणाचा संशय जाईना. तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं: पाच पार्ट एका दिवशी मरत नाहीत, पाचांना मिळून काय लागतं ते बघ.

स्कॅनर लावल्यावर माझं बोट कोड पुसायच्या बटणावर होतं, ते तुम्ही थांबवलंत. आधी सगळे कोड लिहून घ्यायला लावले. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, यू०१२१ म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला, आणि स्टिअरिंगचाही कमी व्होल्टेजचाच कोड. पुसले असते तर दोष कोणत्या स्पीडला, किती व्होल्टेजला आला ही नोंदही गेली असती.

मग व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर. बंद गाडीत बॅटरी १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४, चालू इंजिनला १४.२. तिन्ही आकडे चोख. इथेच आमच्यासारखे फसतात. तुम्ही मल्टीमीटरची लाल लीड (वायर) बॉडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवलीत, काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावरच), आणि हेडलाइट, ब्लोअर चालू करायला सांगितलेत. आकडा १.२, म्हणजे एवढे व्होल्ट अर्थिंगच्या वाटेतच हरवत होते. तिथे ०.२ च्या खाली असायला हवा. उभ्या गाडीत स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं तर साडेतीनच्या पुढे उडी, आणि समोरच्या भिंतीवरचा हेडलाइटचा उजेड डोळ्यांदेखत मंदावला.

कारण साधं होतं. या गाडीत निगेटिव्हच्या दोन केबल: एक गिअरबॉक्सला, एक बॉडीला. सेल्फचा करंट गिअरबॉक्सवाल्या केबलमधून परततो आणि ती ठणठणीत होती. एबीएस, स्टिअरिंगची मोटर आणि दिव्यांचं अर्थिंग बॉडीवर, आणि ती केबल बॅटरीच्या ट्रेखाली खाऱ्या हवेने खाल्लेली. उभ्या गाडीत स्टिअरिंगची मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. तेवढ्यात एबीएसला मिळणारं व्होल्टेज साडेदहाच्या आसपास घसरायचं आणि दिव्यांची जत्रा भरायची. मॉड्यूल नवं टाकलं असतं तरी तेच झालं असतं.

वरून केबल धडधाकट दिसत होती. तुम्ही लगजवळचं (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचं) काळं आवरण दोन इंच सोललंत, तर आत तांब्याच्या तारांचा हिरवा भुगा. निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, हे पोरांना परत एकदा सांगितलंत. पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी ठरलेली. १६ स्क्वेअर एमएमची नवी केबल, लग नीट क्रिम्प केलेला (दाबून बसवलेला), बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने पांढऱ्या पत्र्यापर्यंत खरवडलेला. व्हॅसलिन बोल्ट आवळल्यावर बाहेरून. आकडा १.२ वरून ०.०४ वर.

आता कोड पुसल्यावर चेक इंजिन आणि स्टिअरिंगचे दिवे गेले. स्टिअरिंगचा दिवा मात्र दोन्ही टोकांपर्यंत चाक फिरवून थोडं चालवल्यावरच विझला. काही गाड्यांत त्यालाही स्कॅनर लागतो. एबीएस, ट्रॅक्शन, हिल होल्ड हे तिघं तसेच. इथे मी अर्थिंगलाच चिकटून बसलो असतो. तुम्ही स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचा स्पीड बघायला लावलात: २० च्या स्पीडला तीन चाकं २०, मागचं डावं मध्येच शून्य. तिघं चाकाचा स्पीड मोजणाऱ्या त्याच सेन्सरच्या जिवावर चालतात, म्हणून तिघं मिळून रुसतात. सेन्सर ओहमवर मोजायला गेलो तेव्हा हात धरलात, कारण हा ॲक्टिव्ह सेन्सर (वीज दिल्यावरच चालणारा), त्याचा ओहम काही सांगत नाही. चाकाच्या आतल्या प्लास्टिकमागे सेन्सरच्या वायरचा कपलर (जोड) चिखलात बसलेला, एक पिन हिरवी. पिन साफ केली, कपलरचं फाटलेलं रबर सील बदललं, काम संपलं. हिंदमात्याच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांचा हा कपलर आता मी न विचारता उघडतो.

एअरबॅगचा दिवा लागला असता तर एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मी हात लावला नसता, तेही तुमच्याकडूनच शिकलोय: बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, मगच. आणि ऑइल, टेम्परेचर किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला तर हे मोजमाप नंतर. आधी गाडी बाजूला.

तुमचा लांब लीडचा मीटर अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणून देतो. नऊ व्होल्टची बॅटरी नवी टाकली आहे, काळ्या लीडचं टोक सैल होतं तेही बसवलंय. खाल्लेली केबल मात्र देणार नाही, ती गॅरेजच्या खिळ्यावर टांगली आहे, पोरांना दाखवायला.

तुमचाच,
शेजारच्या गॅरेजचा मेकॅनिक