साठ तास खरेच गल्लीत घालवू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचे निकाल लागले, बी.ए.चे प्रवेश सुरू झाले. समाजशास्त्राचा अर्ज भरणाऱ्या मुलामुलींना घरीदारी एकच प्रश्न ऐकावा लागतो : 'हे घेऊन पुढे काय करणार?' पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजात मी हाच विषय घेऊन तिसऱ्या वर्षाला आहे. नोकरीची काळजी खोटी नाही, आमच्याही घरी ती रोज निघते. पण त्याआधीचा एक प्रश्न कुणी विचारत नाही. ज्या विषयाला आम्ही प्रवेश घेतो, तो आम्हाला शिकायला तरी मिळतो का?

नवे शैक्षणिक धोरण 2024-25 पासून संलग्न कॉलेजांत आले. त्यात दुसऱ्या वर्षाला दोन क्रेडिटचा फिल्ड प्रोजेक्ट आहे. अशा कामाला एका क्रेडिटमागे तीस तास, म्हणजे साठ तास लोकांत जाऊन काम करायचे. अभ्यासक्रमात हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला होता. प्रत्यक्षात आदल्या वर्षीचे प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळाले. नाव आणि रोल नंबर बदलायचा, स्पायरल बाइंडिंग करायचे, दिले. आमच्या वर्गातल्या तिघींचे निष्कर्ष स्वल्पविरामासकट सारखे होते. तोंडी परीक्षेत कुणालाच काही विचारले गेले नाही. मैत्रिणींना मी बोल लावत नाही. त्यातली एक दुपारनंतर टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. कॉपी केलेल्यालाही तेवढेच गुण मिळत असतील, तर तिने साठ तास कुठून आणि का काढावेत?

मी माझा प्रोजेक्ट आमच्याच गल्लीत केला. आम्ही पूर्व भागात राहतो, विडी वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत. प्रश्नावलीत सातवा प्रश्न होता, 'घरात विडीचे काम किती जण करतात?' पहिल्या दिवशी अकरा घरे फिरले. अकराही घरांतून उत्तर आले, 'एक.' मीही 'एक' लिहून मोकळी झाले. विडी कामगाराचे कार्ड घरातल्या एकीच्याच नावावर असते, त्यामुळे त्यांचे काही चुकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एक अक्का म्हणाल्या, "उभ्या उभ्या काय विचारायलीस, बस की जरा." बसले. त्यांनी माझ्यापुढे भिजवलेली पाने आणि कात्री सरकवली. मला तेलुगू बऱ्यापैकी येते, म्हणून घरातले आपसातले बोलणेही कानावर पडत होते. संध्याकाळपर्यंत पाहिले ते असे. सासूबाई पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापत होत्या. अक्का सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरत, वळत, दोरा बांधत होत्या. शाळेतून आलेली मुलगी दप्तर टाकून विड्यांची तोंडे मोडायला आणि पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायला बसली. पान कमी पडले, ते पदरच्या पैशाने आणले. त्याच्या पुढच्या दिवशी कारखान्यात काही विड्या छाट म्हणून बाजूला निघाल्या. आणि हजार विड्यांची मजुरी मांडली गेली ती एका कार्डावर.

मी पुन्हा सगळ्या घरांत गेले, या वेळी फॉर्म पिशवीतच ठेवून. अकरापैकी नऊ घरांत 'एक'चे दोन किंवा तीन झाले. आणि त्या अकरा घरांत एक घर आमचे होते. मी तिसरीत असल्यापासून आईच्या विड्यांची तोंडे मोडते आहे, तरी पहिल्या दिवशी मी माझ्याच घरापुढेही 'एक' लिहिले होते. 'स्त्रियांचे अदृश्य श्रम' यावरची टीप मी पाच गुणांसाठी तोंडपाठ केलेली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची 'संस्कृतीकरणा'ची, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या जातींच्या चालीरीती उचलण्याची, व्याख्या आमच्या परीक्षेचा हुकमी प्रश्न आहे. पण ते 1948 साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन काही महिने राहिले होते, हे गाइडमध्ये सापडत नाही. इरावती कर्वे महाराष्ट्रभर हिंडल्या, लोकांत बसल्या, तेही नाही. हा विषय मुळात असाच उभा राहिला आहे. आणि त्यासाठी सोलापूरइतके जवळचे गाव कुठले मिळणार? 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून गिरणी कामगारांच्या पिढ्या इथे घडल्या. त्यांची नातवंडे आमच्या वर्गात बसतात. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांतल्या काही जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले ते याच शहरात. तो कायदा 1952 साली गेला, त्या कुंपणातल्या वसाहतीचा 'सेटलमेंट' हा शब्द आजही रिक्षात बसताना पत्ता म्हणून सांगावा लागतो. याच, म्हणजे आता विमुक्त म्हटल्या जाणाऱ्या जमातींवर आम्हाला पूर्ण प्रकरण आहे. त्यासाठी आम्ही अर्ध्या तासाच्या अंतरावर एकदाही गेलो नाही.

यात प्राध्यापकांचाच दोष आहे असे मला वाटत नाही. अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवणारे सर-मॅडम आहेत. त्यांना पैसे मिळतात ते वर्गातल्या तासाचे. मुलांना घेऊन वस्तीत घालवलेली दुपार कुठे धरली जात नाही. ती धरा, ही माझी विद्यापीठाला पहिली आणि कळकळीची विनंती आहे. प्रोजेक्टचे गुण बाइंडिंगला देऊ नका, रोजच्या नोंदवहीला द्या. तोंडी परीक्षेत एवढेच विचारा : कुणाकडे गेलीस, ते काय म्हणाले, तुझा कोणता अंदाज चुकला? खोटा प्रोजेक्ट तिथेच उघडा पडेल. तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या मुलांना त्या भाषेतल्या मुलाखती तशाच लिहू द्या. अक्कलकोटकडच्या मुलीला कन्नड येते ही तिची अडचण नव्हे, या विषयात ती तिची जमेची बाजू आहे. आणि चांगले प्रोजेक्ट रद्दीत न घालता कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना आमच्या पुढून सुरुवात करता येईल.

माझा प्रोजेक्ट परत मिळाला तेव्हा त्यावर गुण होते, शेरा नव्हता. नोंदवही तर कुणी मागितलीच नाही. ती घरी आईच्या कार्डाशेजारी ट्रंकेत आहे. ग्रंथालय ठेवून घेणार असेल, तर मी उद्याच आणून देते.

आपली नम्र,
बी.ए. भाग 3 ची एक विद्यार्थिनी, पूर्व भाग, सोलापूर