आजीला सांगा, लोआ म्हणजे टिटवी नव्हे

रेक्याविक, आइसलँड, मे महिना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही मजेत आहोत. नेहाची तब्येत छान आहे, डिंकाचे लाडू अजून पुरताहेत. थंडीचं म्हणाल तर घरात मुळीच जाणवत नाही. जमिनीतलं कढत पाणी नळांतून घरोघर खेळवतात, त्यामुळे बाळाला टोपडंसुद्धा लागत नाही. आई, हे वाचून लगेच फोन करू नकोस, बाहेर नेताना घालतो.

आता बाळाच्या ‘लोआ’ या नावाचं. आजी रुसल्याचं मनूने सांगितलं. पणतीला टिटवीचं नाव ठेवलं, आणि टिटवी रात्री घरावरून ओरडत गेली की काय होतं ते ती सगळ्यांना सांगत सुटली आहे म्हणे. तिला एवढं नीट वाचून दाखवा. लोआ टिटवीच्या कुळातली खरी, पण टिटवी नव्हे. पाठीवर सोनेरी ठिपके, उन्हाळ्यात पोट काळं. हिवाळा ती आयर्लंड आणि पश्चिम युरोपात काढते आणि मार्चअखेरीस इकडे परतते. पहिली लोआ दिसली की वर्तमानपत्रांत बातमी येते, कारण ती आली म्हणजे थंडी सरली असं इथले लोक धरून चालतात. (त्यानंतरही बर्फ पडतो, ते सोडा.) एक लोककथाही आहे. लहानपणी येशू मातीचे पक्षी करत बसला होता. शब्बाथच्या, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या पवित्र दिवशी खेळतोस काय, म्हणून एक जण रागाने ते मोडायला आला, तर येशूने त्यांच्यावरून हात फिरवला आणि ते देवाचा महिमा गात उडून गेले. त्याच लोआ. यात अशुभ काय आहे? आमची पोरगी तर लोआ परतल्या त्याच दिवसांत झाली.

शिवाय पंचांग तुम्हीच बघितलंत. भरणी नक्षत्र, म्हणजे ली, लू, ले, लो. ‘लो’वरून आईने लोपामुद्रा सुचवलं होतं, ते इथे कुणाला उच्चारता आलं असतं का? आणि आजीचं स्वतःचं नाव मैनाबाई आहे, हे तिला हळूच आठवून द्या.

इथे पक्ष्यांची नावं माणसांना सर्रास असतात. माझ्या ऑफिसात एक स्वाला आहे, म्हणजे पाकोळी. एक ओर्न आहे, म्हणजे गरुड. आणि आमचे घरमालक ह्राप्न, म्हणजे डोमकावळा! आपल्याकडे पिंडाला शिवण्यापुरताच त्याला मान. इथे ओडिन या जुन्या देवाचे हुगिन आणि मुनिन हे दोन डोमकावळे जगभर फिरून त्याला बातम्या आणून देत. हा देश शोधायला निघालेल्या फ्लोकीने बोटीत तीन डोमकावळे घेतले होते. पहिला आल्या वाटेने मागे गेला, दुसरा घिरटी घालून बोटीवरच उतरला, तिसरा सरळ पुढे उडाला आणि त्याच्या मागोमाग जमीन सापडली, अशी कथा आहे. त्यानेच पुढे बर्फ बघून देशाला आइसलँड, म्हणजे बर्फाचा देश, हे नाव दिलं.

बाबा, आडनाव पुसलं जाईल असं नंदूकाकांनी तुमच्या डोक्यात भरवलं आहे, त्याबद्दल. इथल्या बहुतेकांना आपल्यासारखं आडनावच नसतं. आपलं मधलं नाव वडिलांचं, तेच यांच्याकडे शेवटी लागतं. योनचा मुलगा असेल तर योनसोन, मुलगी असेल तर योन्सदोत्तिर. म्हणजे बापाचं शेवटचं नाव निराळं, मुलाचं निराळं, मुलीचं आणखी निराळं, आणि आईचं तर तिच्या वडिलांवरून, कारण लग्नानंतरही बायका नाव बदलत नाहीत. एका घरात चौघांची चार. म्हणून इथे कोणी कुणाला आडनावाने हाक मारत नाही. डॉक्टरला नावाने, मास्तरांना नावाने. १९८० साली निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांनासुद्धा सगळे नुसतं विग्दिस म्हणतात. मला अजून साहेबांना नावाने हाक मारताना अवघडतं. पूर्वी नागरिकत्व घेणाऱ्या परक्यांना इथलं नाव घ्यावं लागायचं, काकांनी तेच कुठेतरी ऐकलं असणार. आता ती सक्ती नाही. लोआच्या पुढे माझंच नाव आणि पुढे जाधव, पासपोर्टावर तसंच छापून येईल. त्यामुळे काळजी नसावी.

बारसं जमेल तसं केलं. मनूला मोबाइलवर घेतलं, तिने तिकडून ‘कुर्र’ केलं, इकडे नेहाच्या मैत्रिणीने बाळाच्या कानात नाव सांगितलं. आत्याच्या पाठीतले धपाटे तेवढे राहिले. फोन ठेवल्यावर मनू रडली का? आम्हाला तर हसत होती.

तिच्या लग्नाचं. तारीख पक्की करा, आमच्यासाठी थांबू नका. डिसेंबरात तिकिटं फार चढतात आणि रजा बाळंतपणात बरीचशी गेली. तरी मी एकटा तरी यायचं बघतो आहे. नक्की असं आत्ताच पाहुण्यांना सांगू नका. सोयरे विचारतील, तर मुलगी लहान आहे म्हणा, ते खोटं नाही. हॉलच्या ॲडव्हान्सचे पैसे काल पाठवले, दागिन्यांचे पुढच्या पगाराला. बाबा, त्यासाठी एफडी मोडायची नाही. मोडली असेल तर मनूला न सांगता मला कळवा, मी भरून देतो.

तुमचा,
संजू