संक्रांतीला येतेय

लिमरिक, आयर्लंड

ती. आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर आई लगेच "बरं बरं, काही हरकत नाही" म्हणते आणि बाबा फोन दादाच्या हातात देतात. म्हणून लिहितेय. यंदा दिवाळीला मी येत नाहीये. तिकीट बदलून झालंय. ९ जानेवारीला मुंबईत उतरते, म्हणजे भोगीच्या आत घरी. दिवाळीला जेमतेम दहा दिवस मिळणार होते, आता चांगले तीन आठवडे राहीन. तिकीटही स्वस्त पडलं. आणि हुरड्याचे दिवस असतील.

कारण ऑफिसचं नाही. ऑफिसचं असतं तर तुम्हाला शेजारीपाजारी सांगायला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. इथे ऑक्टोबरातला शेवटचा सोमवार सुट्टीचा असतो. त्या सुट्टीत डब्लिनला मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन आहे आणि आमच्या क्लबनं केलेलं इथल्या जवळच्या एनिस गावच्या जुन्या स्टेशनचं मॉडेल तिथे पहिल्यांदा मांडायचंय. त्यातली नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांची, बाजू माझ्याकडे आहे. रूळ मी जोडलेत, सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे, मी बसवलेत, खालचं वायरिंग माझंच आहे. ऐन गर्दीत सांधा अडकला तर कुठली वायर कुठे जाते ते दुसऱ्या कुणाला चटकन सापडायचं नाही. चार वर्षं मंडळी खपतायत, आई. त्यांना आत्ता "मी घरी चालले" म्हणणं मला जमलं नाही.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतंत की तिथे एवढी इंजिनं असताना एनिसच का. आपल्या कुर्डुवाडीमुळे. एका बाजूला लिमरिकहून येणारी ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला समुद्राकडे जाणारी वेस्ट क्लेअरची तीन फुटी लाइन, आणि मधे माल इकडचा तिकडे करायचा फलाट. लहानपणी तुम्ही मला सायकलच्या नळीवर बसवून न्यायचात तेव्हा जे दिसायचं, तेच. पहिल्यांदा क्लबमध्ये त्या स्टेशनाचा जुना नकाशा पाहिला तेव्हा मी कुणाला काही न विचारता फलाटावर बोट ठेवलं. पोती कुठे उतरवत असतील ते मला ठाऊक होतं.

ती लाइन १८८७ साली सुरू झाली. तिथली अर्धी गंमत वाऱ्याची आहे. क्विल्टी नावाच्या किनाऱ्यावरच्या स्टेशनात वारा मोजायचं यंत्र बसवलं होतं. ताशी ६० मैलांच्या वर वारा गेला की डब्यांत वजन घालून गाडी न्यायची, आणि ८० च्या वर गेला की गाड्या सरळ बंद. १९५२ साली डिझेल रेलकार आल्या, १९५५ साली डिझेल इंजिनंही आली. एवढा खर्च करून ३१ जानेवारी १९६१ ला लाइन बंद केली आणि रूळ उपटले. आपली बार्शीची अडीच फुटी लाइन गेली तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात, पण तिच्या जागी आज ब्रॉडगेज लातूरला जाते. त्या बिचाऱ्यांकडे काहीच आलं नाही. म्हणून इथली माणसं एवढ्या मायेनं हे करतात असं मला वाटतं. स्लीव्ह कॅलन नावाचं १८९२ चं इंजिन लाइन बंद झाल्यावर वर्षानुवर्षं एनिस स्टेशनात चौथऱ्यावर नुसतं उभं होतं. हौशी लोकांनी ते उतरवलं, दुरुस्त करून घेतलं आणि त्याच लाइनीवरच्या मोयास्टा स्टेशनात पुन्हा वाफेवर आणलं. त्याचे फोटो मी दादाच्या फोनवर पाठवलेत, मोठे करून बघा. तुम्हाला त्याची ठेवण लगेच कळेल, ०-६-२ टँक आहे, म्हणजे ओढणारी चाकं सहा, मागे छोटी दोन, आणि पाण्याची टाकी इंजिनावरच.

आणि रुळांचं सांगायचं राहिलंच. इथली ब्रॉडगेज पाच फूट तीन इंच, आपल्यापेक्षा तीन इंच कमी. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, वेगळा होता, कुणाचा सहा फूट दोन इंच, कुणाचा चार फूट साडेआठ. भांडणं मिटवायला १८४६ च्या कायद्यानं हा मधला आकडा ठरला. मॉडेलमध्ये त्याचा फार त्रास होतो. आम्ही खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर धरतो. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, म्हणजे ब्रिटिश गाड्यांनाही अरुंदच, आणि तयार मिळणारी आयरिश डिझेल इंजिनंही त्याच रुळांवर चालतात. बहुतेक जण ते चालवून घेतात. त्यात काही वावगं नाही, लांबून बघणाऱ्याला कळतही नाही. पण आमच्या मंडळींनी ठरवलं की खरा गेज हवा, म्हणजे २१ मिलिमीटर. मग चाकांचा प्रत्येक आस बदलायचा, प्रत्येक सांधा हातानं कानशीनं घासून करायचा. माझी तीन फुटी मात्र १२ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढी. २१ आणि १२ शेजारी शेजारी पाहिले की स्टेशनचा तोल बरोबर दिसतो. तुम्ही म्हणायचात ना, "डोळ्याला खटकलं की मापात चूक आहे, मग पट्टी काहीही म्हणो." ते वाक्य मी इथे सगळ्यांना इंग्रजीत सांगितलंय.

आई, तुझ्यासाठी एक. त्या लाइनीवरून टर्फ जायचं, म्हणजे दलदलीतली माती कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात ती. वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, भरायला मी चहाचा चोथा वाळवून, चुरून, गोंदात कालवला. पोती मऊ मातीची, आणि वर गोणपाटाची वीण उठावी म्हणून तू दिलेल्या मलमलच्या पंचाचा कोपरा ओला करून दाबला. क्लबमधले एक आजोबा लहानपणी खरोखर त्या गाडीतून किल्कीला समुद्रावर जायचे. ते ती वाघीण डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिले. पंचा कापला म्हणून रागावू नकोस.

मी इथे नीट आहे. हीटर चालतो, खिडकीची फट बुजवून घेतली, पोळ्या रोज करते, भाजणी अजून शिल्लक आहे. बुधवारी संध्याकाळी क्लब असतो, त्या दिवशी जेवायला एकटी नसते. मे महिन्यात ज्या विषयावर आपलं अर्धवट बोलणं झालं, तो जानेवारीत निवांत बोलू. तोवर आई, रात्री जागून त्याचा विचार करू नकोस.

भाऊबीजेला दादा हिरमुसेल. त्याला मी वेगळं लिहिलंय. पण खरं सांगू, अभ्यंगस्नानाच्या पहाटे मला तुझ्या हाताचं उटणंच आठवणार आहे, आणि बाबांच्या शर्टावरचे ग्रीसचे डाग तू रॉकेल लावून काढायचीस तो वास. अजूनही कुठे ग्रीसचा वास आला की मी सहा वर्षांची होते आणि बाबांच्या खांद्यावर असते.

आता ऐका. चकल्या घरी तळत बसायचं नाही. बचत गटाच्या बायकांकडे ऑर्डर दे, पैसे मी वहिनीला पाठवलेत. लाडू तेवढे कर, तेही पावशेराचे. बीपीची गोळी सणात विसरते तुझी, म्हणून डबी देवघरात ठेव, फडताळात नाही. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन मी येईपर्यंत थांबवून ठेवू नका. दादानं तारीख घेतलीय, त्या तारखेला जायचं. "मनी आल्यावर बघू" हे मी ऐकणार नाही. जिन्यावर बल्ब बदलायला स्वतः चढू नका. गुडघ्याचा पट्टा बाहेर जाताना लावायचा, पलंगाच्या दांडीवर टांगायला आणलेला नाही. पंढरपूरला यंदा एसटीनं जायचं नाही. मी आले की आपण तिघं गाडी करून जाऊ.

बाबा, तुमच्याकडून एक काम हवंय. माल बदलायच्या फलाटावर हमालांची रांग कशी लागायची, कोण वाघिणीत, कोण फलाटावर, पोतं कुणाच्या पाठीवरून कुणाच्या पाठीवर, हे मला कागदावर काढून पाठवा. माणसांचे पुतळे अजून चिकटवायचे आहेत. एनिसची पद्धत थोडी वेगळी असेल, ती आजोबांना विचारून घेईन, पण ओझं उचलणारा माणूस कसा वाकतो ते तुम्हीच नीट दाखवाल.

प्रदर्शनातल्या रविवारी पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे आपल्यात साडेपाच तासांचं अंतर पडेल. मी साडेबाराला व्हिडिओ कॉल करीन, तुमच्याकडे संध्याकाळचे सहा. फोन चार्ज करून ठेवा, बाबांना चष्मा लावायला सांग, आणि दादाकडे फोन द्यायचा नाही. पहिली गाडी तुम्हाला दाखवूनच सोडणार आहे.

तुमची,
मनी