पांढऱ्या मातीच्या घरालाही ‘पक्के’ म्हणा : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : घरकुल योजनेत मातीच्या भिंतींच्या घरांना मंजुरी मिळण्याबाबत.

महोदय,

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या गावात गेल्या काही वर्षांत बरीच घरकुले उभी राहिली आणि ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नव्हते अशा कुटुंबांना हक्काचा निवारा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही हे पत्र लिहावे लागत आहे, कारण ही घरे चैत्र-वैशाखात राहण्याजोगी उरत नाहीत. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि रात्री स्लॅबखाली झोप लागत नाही. म्हातारी माणसे लिंबाखाली बाज टाकतात, बाळंतिणी लेकरांना घेऊन शेजारच्या जुन्या माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात, जाऊन बसतात. ते माळवद सरकारी नोंदीत ‘कच्चे’ आहे आणि ज्या घरातून त्या उठून आल्या ते ‘पक्के’.

माझ्या आजोबांचे घर पाच खणांचे होते. भिंती दोन-अडीच फूट रुंद, खाली दगडाचे जोते आणि वर भुसा घालून तुडवलेल्या चिखलाच्या, उन्हात वाळवलेल्या विटा. काळी माती पाणी लागले की फुगते आणि ऊन लागले की भेगाळते, म्हणून ती शेतासाठी. घराला गावठाणातली पांढरी मातीच हवी, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक होते. एवढ्या जाड मातीतून दुपारचे ऊन आत पोचता पोचता बहुतेक विरून जाते. बाहेर रात्र झाली की दारे आणि झरोके उघडे असतात आणि मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पारा चांगलाच उतरलेला असतो. पहाटेपर्यंत भिंत निवते आणि तो गारवा दुसऱ्या दिवशीची दुपार टळेपर्यंत धरून ठेवते. उन्हात उघड्या पडलेल्या चार-पाच इंची स्लॅबमधून हाच ताव तीन-चार तासांत खाली येतो, म्हणजे नेमका दिवेलागणीला, माणसे दिवसभराच्या कामाने थकून घरी परततात तेव्हा. पत्र्याला तेवढाही वेळ लागत नाही. ओसरी, चौक, भिंतीत उंचावर ठेवलेले छोटे झरोके, हे सारे याच हिशेबाने ठरलेले होते. कोकणातल्या दमट हवेत, जिथे रात्रही फारशी निवत नाही, ही युक्ती एवढी लागू पडत नाही; म्हणूनच मी साऱ्या राज्यासाठी एकच नकाशा मागत नाही.

आता नियमांकडे वळतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) मार्गदर्शक सूचनांनुसार, वापराची नेहमीची झीज आणि हवामानासह निसर्गाचे आघात वाजवी देखभालीत किमान ३० वर्षे सोसते ते घर पक्के. छप्पर टिकाऊ साहित्याचे असावे आणि भिंती स्थानिक हवामानाला तोंड देणाऱ्या असाव्यात, अशी अपेक्षा आहे. भिंत सिमेंटचीच हवी, अशी अट नाही. उलट, स्थानिक साहित्य वापरून हवामानाला आणि आपत्तींना तोंड देणारे नकाशे लाभार्थ्यांपुढे ठेवावेत, असे याच सूचना सांगतात. प्रत्यक्षात मात्र गावात एकच चौकट पोचते. २५ चौरस मीटर, सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये, जोते, लिंटेल (दारा-खिडक्यांवरची आडवी पट्टी) आणि छप्पर अशा टप्प्यांचे फोटो, त्यानुसार हप्ते. मातीच्या भिंतीचा फोटो पाठवला तर हप्ता अडकेल, ही भीती लाभार्थ्याच्या मनात इतकी पक्की बसली आहे की तो विचारायलाही जात नाही. जुने माळवद पाडून सागवानी तुळया मिळेल त्या भावाला विकलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

किल्लारीच्या भूकंपाचे काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल आणि तो आलाच पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. आमच्या भागात अजूनही ज्येष्ठांची झोप त्या वेळेला मोडते. मातीच्या घराची बाजू मांडताना हे लपवणे पाप होईल. मारले ते मुख्यतः गोट्या-दगडांच्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न सांधलेल्या रुंद भिंतींनी आणि दर पावसाळ्याआधी थरावर थर टाकून जड झालेल्या माळवदांनी. लाकडी सांगाडा शाबूत असलेल्या कित्येक घरांत भिंती कोसळल्या, पण छप्पर खांबांवर उभे राहिले, हेही त्याच पहाटेने दाखवले. त्यामुळे आजोबांचे माळवद जसेच्या तसे परत आणा, असे माझे म्हणणे नाही. भिंत मातीची, पण जोत्याला, लिंटेलला आणि छपराखाली सलग पट्ट्यांनी बांधलेली; छप्पर हलके, कौलांचे, भिंतीच्या बरेच बाहेर आलेले. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३८२७ हे मानक मातीच्या घरांना भूकंपात टिकवण्यासाठीच आहे आणि आयएस १७२५ हे दाबून केलेल्या मातीच्या ठोकळ्यांसाठी. आमच्याकडच्या मुरमात थोडे सिमेंट मिसळून असे ठोकळे हातयंत्रावर काढता येतात. भट्टी लावावी लागत नाही.

सारवण आणि लिंपण यांचा भार बायकांच्याच हातांवर पडत आला, हेही मी विसरलेलो नाही. ठोकळ्यांच्या भिंतीला आणि बाहेर झुकलेल्या कौलांना ही डागडुजी बरीच कमी लागते.

२०२४ ते २०२९ या काळात देशात आणखी २ कोटी ग्रामीण घरे बांधायची आहेत. त्यांतली आपल्या वाट्याची घरे मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात उभी राहण्याआधी, पट्ट्यांनी बांधलेल्या मातीच्या भिंतीचे किमान दोन नकाशे मंजूर यादीत घालावेत आणि असे घर हप्त्यास पात्र आहे, असे लेखी पत्र प्रत्येक गटविकास अधिकाऱ्यांना आणि अभियंत्यांना पाठवावे. योजनेतून गवंड्यांना जे प्रशिक्षण मिळते, त्यात मातीकाम यावे. आमच्या गावात मातीची भिंत ओळंब्यात उचलणारे दोनच हात उरले आहेत आणि तेही सत्तरीचे. ज्यांचे जुने घर भक्कम आहे, त्यांना ते पाडण्याऐवजी पट्टे घालून, छप्पर हलके करून घेण्यासाठी अनुदान मिळावे.

आणि येत्या मे महिन्यात आपल्या विभागाने प्रत्येक जिल्ह्यात एक नवे घरकुल आणि एक जुने मातीचे घर निवडून, दोन्हींच्या आत दुपारी तीनला आणि रात्री अकराला तापमान मोजावे. आमच्या गावात त्यासाठी दोन्ही घरांची दारे उघडी राहतील.

आपला विश्वासू,
धाराशिव जिल्ह्यातील एक ग्रामस्थ