'होय'चे बहुमत, पण कोणाचे?

महोदय,

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आले की नागपुरात यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. अंगणवाडी सेविका, आशा, कंत्राटी कामगार दिवसभर बॅरिकेडपाशी बसून असतात. एखादे आमदार येतात, माइक घेतात, पाठिंबा देतात, टाळ्या घेऊन परत जातात. त्याच आमदारांनी विधानभवनात कामगारांच्या विधेयकावर काय केले, हे मात्र कळायला मार्ग नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होयचे बहुमत' म्हटले की संपले! मतविभागणी, म्हणजे बाजूने आणि विरोधात कोण हे मोजणे, झाली तरच नावे नोंदली जातात, आणि ती क्वचितच होते.

कारखान्यातील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तास करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीतील कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांच्या घरचे वेळापत्रकच त्याने बदलते. अशा विषयावर तरी विधानसभेतील २८८ जणांची नावे दिसायला नकोत का? पक्षादेशाची (व्हिपची) सबब आम्हाला ठाऊक आहे. पण मतविभागणी मागायला कोणी अडवले आहे? पुढच्या वेळी शिष्टमंडळांनी निवेदनात हीच मागणी पहिली लिहावी.

– एक निवृत्त कामगार, नागपूर